पडवीतले उणे ८३

नाना, म्हणजे माझे वडील, आता ८१ वर्षांचे आहेत. गुहागर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात ते आणि आई असे दोघेच राहतात आणि नानांचा बराचसा दिवस पडवीतल्या झोपाळ्यावर जातो. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने न्यू जर्सीहून येताना त्यांच्यासाठी दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट आणला. त्यावर ते सकाळी वर्तमानपत्रे वाचतात, दुपारी कीर्तन लावतात आणि शनिवार-रविवारी रात्री साडेआठला, तिकडे सकाळ असताना, नातवाशी बोलतात. नानांना ऐकू कमी येते. समोरच्याचे ओठ दिसले आणि आवाज सलग आला तरच त्यांना बोलणे कळते. चित्र अडखळले, आवाज तुटला, की ते टॅब बाजूला ठेवतात आणि "नंतर बोलू" म्हणतात. गेल्या वर्षभरात हे "नंतर बोलू" इतके वाढले, की शेवटी बहीण मला म्हणाली, "ताई, तू एकदा जाऊन बघ. मला इथून काहीच करता येत नाही."

म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात मी दहा दिवसांसाठी घरी गेले. तिथे काय सापडले ते इथे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण टॅबची वायफाय रेंज कमी पडते ही तक्रार अनेक घरांत असते आणि तिच्यावर पैसे खर्च होतात ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी. आमच्याकडेही तेच झाले होते.

घरातले निदान मी पोहोचण्याआधीच तयार होते. गेल्या वर्षी गावात फायबरची लाइन आली, नवा राउटर बसला, आणि "तेव्हापासून रेंज गेली" असे आई, नाना आणि शेजारचे काका असे तिघेही ठामपणे सांगत होते. इंटरनेट देणाऱ्यांकडे दोनदा तक्रार झाली, त्यांचा माणूस येऊन राउटर बदलून गेला, तरी फरक पडला नाही. मग बहिणीने ऑनलाइन मागवून एक रिपीटर, म्हणजे राउटरची रेंज पुढे पोहोचवणारे उपकरण, पाठवला. तो पडवीतल्या सॉकेटमध्ये लावला, त्याचा दिवा लाल पेटला आणि तसाच राहिला. त्यानंतर दोष भिंतींवर आला. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, सव्वा फूट जाड. माजघरातल्या राउटरपासून पडवीपर्यंत अशा दोन भिंती मध्ये येतात. "या भिंतींतून कसली रेंज येणार," असे म्हणून नानांनी विषय मिटवला होता.

हे निदान खोटे नव्हते, अपुरे होते. भिंती रेंज खातात हे खरेच आहे. पण नेमकी किती खातात, आणि नानांच्या टॅबमध्ये जे उणे होते ते सगळे भिंतींमुळेच होते का, हे कोणी मोजलेले नव्हते.

मोजायचे म्हणजे पडद्यावरच्या काड्या मोजायच्या नाहीत, हे सगळ्यात आधी सांगायला हवे. वायफायच्या त्या तीन-चार काड्या म्हणजे उत्पादकाने आपल्या सोयीने पाडलेले टप्पे आहेत. एकाच जागी ठेवलेल्या दोन कंपन्यांच्या उपकरणांत त्या सारख्या दिसतीलच असे नाही, आणि दोन काड्यांच्या मधले मोठे अंतर त्यांच्यात लपून जाते. खरा आकडा डीबीएम या एककात मिळतो. एक मिलिवॅट शक्ती म्हणजे शून्य डीबीएम. वायफायची लहर टॅबपर्यंत येईतो मिलिवॅटच्या फार फार लहान अंशावर आलेली असते, म्हणून हा आकडा नेहमी उणे असतो. उणे ३० ते उणे ४० म्हणजे राउटरच्या अगदी जवळ. उणे ६७ च्या आसपासपर्यंत बोलणे आणि चित्र सहसा सलग चालते. उणे ७५ नंतर अडखळू लागते आणि उणे ८५ च्या पुढे जोडणी असून नसल्यासारखी होते. या मोजपट्टीची एक गोष्ट मात्र मनात पक्की धरावी लागते: ती पायरीपायरीने वाढत नाही, पटीने वाढते. तीन डेसिबल, म्हणजे या मोजपट्टीवरचे तीन अंक, कमी झाले म्हणजे शक्ती निम्मी झाली, दहा कमी झाले म्हणजे दहावा हिस्सा उरला आणि वीस कमी झाले म्हणजे शंभरावा. त्यामुळे उणे ६५ आणि उणे ८५ हे आकडे ऐकायला जवळचे वाटले तरी त्यांच्यात शंभर पटींचा फरक आहे.

अँड्रॉइडवर हा आकडा दाखवणारी वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची अ‍ॅप्स फुकट मिळतात. ती वापरताना दोन गोष्टींनी माझाही पहिला तास वाया गेला. या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्यावी लागते आणि टॅबचे लोकेशन चालूही ठेवावे लागते, नाहीतर यादी कोरीच राहते. दुसरे असे, की अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून कोणत्याही अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा आसपासची नेटवर्क नव्याने शोधता येतात. म्हणजे आपण टॅब हातात घेऊन घरभर फिरत राहिलो, तर पडद्यावर दिसणारा आकडा मागच्या खोलीतला असू शकतो. एका जागी थांबावे, टॅब खाली ठेवावा, अर्धा मिनिट जाऊ द्यावा आणि मग आकडा लिहावा. असे तीनदा करून मधला आकडा धरावा. आयपॅड असेल तर ही अ‍ॅप्स चालत नाहीत. तिथे अ‍ॅपलचीच एअरपोर्ट युटिलिटी उतरवून, सेटिंग्जमधल्या तिच्या पानावर वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो.

मी नानांची जुनी शाळेची वही घेतली आणि तिच्या कोऱ्या पानावर दोन स्तंभ आखले: एक टॅबचा, दुसरा माझ्या फोनचा. सगळ्या दहा दिवसांत सगळ्यात उपयोगी पडले ते हेच. एकट्या टॅबचा आकडा घेतला असता तर घराबद्दल आणि टॅबबद्दल एकत्रच काहीतरी कळले असते, आणि दोन्ही वेगळे काढता आले नसते. शेजारी दुसरे उपकरण ठेवले, दोन्ही एकाच नेटवर्कला आणि लहरींच्या एकाच पट्ट्यात (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) जोडले, की भिंत, अंतर, राउटर हे सगळे दोघांना सारखे होते आणि उरलेला फरक केवळ त्या दोन उपकरणांतला राहतो.

पडवीत झोपाळ्याशेजारच्या स्टुलावर दोन्ही ठेवले. फोन उणे ६४, टॅब उणे ८३. ओटीवर फोन उणे ५५, टॅब उणे ७४. मग दोन्ही माजघरात नेले आणि राउटरपासून सहा फुटांवर, मध्ये काहीही आड नसताना, पाटावर ठेवले. फोन उणे ३७, टॅब उणे ५६.

वहीत हे आकडे एकाखाली एक आल्यावर मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. जागा बदलली तरी दोघांतले अंतर १९ चे १९ राहत होते. भिंती आणि अंतर मिळून दोघांकडूनही सारखेच घेत होते: माजघरापासून पडवीपर्यंत २७ डेसिबल, फोनचेही आणि टॅबचेही. पण टॅब मुळात १९ डेसिबल मागे उभा राहून सुरुवात करत होता. १९ डेसिबल म्हणजे सुमारे ८० पट. राउटरसमोर बसूनही नानांच्या टॅबला माझ्या फोनच्या ऐंशीव्या हिश्श्याएवढीच शक्ती मिळत होती, आणि राउटरजवळ मुळात इतकी भरपूर रेंज असते की तिथे हे कोणाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते. दोन भिंती ओलांडल्यावर फोनकडे पुरेसे शिल्लक राहत होते, टॅबकडे राहत नव्हते. म्हणून सगळ्यांना भिंतीच दिसल्या.

नानांना मी हे दाखवले. ते आयुष्यभर गणित शिकवलेले मास्तर. त्यांनी वही घेतली, तिन्ही वजाबाक्या स्वतः करून पाहिल्या आणि म्हणाले, "अगं, म्हणजे खोट टॅबात आहे. राउटरवाल्या पोराला आपण उगाच दोनदा बोलावलं."

आता टॅबमध्ये १९ डेसिबल कुठे जात होते ते शोधायचे होते. दोन उपकरणांत दोन-चार डेसिबलचा फरक असणे स्वाभाविक आहे, त्याच्या मागे लागू नये. १९ स्वाभाविक नाही.

पहिला संशय कव्हरवर गेला. बहिणीने टॅबबरोबर जे कव्हर आणले होते त्याच्या पाठीत चुंबकाला चिकटण्यासाठी पोलादाची पातळ पट्टी होती. धातू रेडिओलहरी अडवतो आणि परतवतो. अँटेनाच्या अगदी जवळ आलेला धातू तर अँटेनाचा सूरच बिघडवतो. कव्हर काढून त्याच पाटावर टॅब ठेवला तेव्हा आकडा उणे ५३ झाला. तीन डेसिबल, म्हणजे शक्ती दुप्पट, आणि तीही एक पैसा न खर्चता. तरीही १६ उरलेच.

धातूच्या पाठीचा हा प्रश्न खुद्द टॅब बनवणाऱ्यांनाही सुटायला वेळ लागला होता. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा त्याची पाठ अ‍ॅल्युमिनियमची होती, पण तिच्या मधोमध असलेले सफरचंद काळ्या प्लास्टिकचे होते आणि वायफायचा अँटेना त्याच्यामागे होता. लहरींना आत-बाहेर जायला ती खिडकी होती. पुढच्याच वर्षाअखेर आलेल्या आसूसच्या ट्रान्सफॉर्मर प्राइम या देखण्या टॅबची पाठ सगळीच धातूची होती. त्याच्या जीपीएसबद्दल आणि वायफायबद्दल इतक्या तक्रारी आल्या, की कंपनीने जीपीएससाठी बाहेरून जोडायचा डोंगल ग्राहकांना मोफत देऊ केला आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पाठीवर वरच्या बाजूला प्लास्टिकची पट्टी आणली. आपल्या टॅबची पाठ धातूची असेल तर तिच्यावर अशी वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या स्पर्शाची पट्टी कुठे आहे ते शोधावे. अँटेना बहुतेक वेळा तिथेच असतो.

नानांच्या टॅबची पाठ प्लास्टिकची आहे, त्यामुळे पट्टी दिसत नव्हती. मग मी हातानेच शोधले. टॅब पाटावर ठेवून एकेका कडेवर तळहात टेकवायचा, अर्धा मिनिट थांबायचे आणि आकडा पाहायचा. आपल्या शरीरात पाणीच पुष्कळ आणि पाणी या लहरी शोषते, त्यामुळे हात अँटेनावर आला की आकडा पडतो. तीन कडांवर काही झाले नाही. डाव्या कडेच्या वरच्या भागावर हात येताच आकडा सहाने खाली गेला. नाना टॅब आडवा धरतात तेव्हा त्यांचा डावा हात नेमका तिथेच येतो. यावर उपाय सोपा होता: बोलताना टॅब लाकडी पोथीस्टँडवर ठेवायचा.

ब्लूटूथचीही परीक्षा घेतली, कारण नाना कानावर ब्लूटूथचा हेडफोन लावतात. ब्लूटूथ आणि जुने वायफाय दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात राहतात, आणि पुष्कळ टॅबमध्ये त्या दोघांना अँटेनाही एकच असतो, म्हणजे तो दोघांना आळीपाळीने वापरावा लागतो. हेडफोन बंद केल्यावर डीबीएमचा आकडा बदलला नाही, पण बोलण्यातले अडखळणे थोडे कमी झाले. रेंज उत्तम असेल तर हा भार जाणवतही नाही. उणे ८३ वर जाणवतो. बहिणीशी बोलताना आता नाना तारेचा हेडफोन लावतात.

टॅब बंद करून चालू करणे, नेटवर्क विसरायला लावून पुन्हा पासवर्ड घालणे, नेटवर्क सेटिंग्ज मूळपदावर आणणे, सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, बॅटरी बचत बंद करणे, हे सगळे मी केले. सगळ्यांनी करावे, पंधरा मिनिटांचे काम आहे. जोडणी वारंवार तुटत असेल किंवा पासवर्ड नाकारला जात असेल तर त्याने गुण येतो. आमच्या आकड्यात त्याने एका डेसिबलचाही फरक पडला नाही.

चौथ्या दिवशी, आई भाजी निवडत असताना सहज बोलता बोलता म्हणाली, "गेल्या वर्षी बॅटरी बदलली त्याच्या आधी असं नव्हतं हं." मी विचारले, कोणती बॅटरी? तेव्हा कळले, की टॅबची बॅटरी फुगून पाठ उचलली गेली होती आणि शहरातल्या एका दुकानातून ती बदलून आणली होती. महिना कोणता, तर फायबरची लाइन आली तोच. दोन घटना आठ-दहा दिवसांच्या अंतराने घडल्या. एकीची गावभर चर्चा झाली, दुसरी विसरली गेली, आणि वर्षभर सगळा दोष पहिलीच्या पदरात पडत राहिला.

टॅबच्या आत अँटेना म्हणजे कडेला चिकटवलेली तांब्याची पातळ पट्टी असते. तिच्यापासून मुख्य बोर्डापर्यंत केसासारखी बारीक तार येते आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या गोल बटणाने ती बोर्डावर टक् करून बसते. बॅटरी किंवा पडदा बदलताना ही तार अनेकदा काढावी लागते. परत बसवताना बटण अर्धवट बसले तरी पाठ लागते, टॅब चालू होतो, वायफायही दिसते. कारण तुटक्या टोकातूनही थोडी लहर झिरपतेच. दुकानात टॅब तपासतात तो राउटरपासून पाच फुटांवर. तिथे सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि टॅब गिऱ्हाइकाच्या हातात जातो. मी कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण दुरुस्तीहून आलेला टॅब घरातल्या सगळ्यात लांबच्या, रोजच्या वापराच्या जागी नेऊन, मोबदला चुकता करून दोन दिवस होण्याआधीच तपासावा, असे मला आता आग्रहाने सांगावेसे वाटते.

चिपळूणला दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे मी स्वतः टॅब घेऊन बसले आणि त्याला वही दाखवली. त्याने पाठ उघडली, भिंग लावले आणि चिमट्याने दाखवले: बटण जागेवरून सरकून तिरके बसले होते आणि तारेवर बॅटरीची चिकटपट्टी आली होती. त्याने ती सोडवली, टोक पुसले, बटण दाबून बसवले. वीस मिनिटे लागली. घरी येऊन पाटावर ठेवल्यावर टॅबचा आकडा, कव्हराशिवाय, उणे ३९ आला. म्हणजे फोनपेक्षा दोनच कमी. पडवीत उणे ६६. मी वही नानांपुढे धरली तेव्हा त्यांनी चष्मा सारखा केला, १७ असे लिहिले, त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि आईला हाक मारली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण दोनच दिवसांनी सकाळी नाना म्हणाले, "आज तर नावच दिसत नाही." रेंज कमी असणे वेगळे आणि नेटवर्कचे नावच यादीत नसणे वेगळे. आईने सांगितले, की हेही वर्षभर अधूनमधून होत होते आणि रात्री वीज जाऊन आली की दुसऱ्या दिवशी हमखास होत होते. घरात हे सगळे "रेंज नाही" या एकाच नावाखाली जमा झाले होते.

माझ्या फोनवर नेटवर्क दिसत होते. अ‍ॅपमध्ये पाहिले तर राउटर चॅनेल १३ वर, म्हणजे पट्ट्यातल्या तेराव्या कप्प्यात, होता. तेव्हा उलगडा झाला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ अशी चॅनेल वापरतात, अमेरिकेत मात्र व्यवहारात १ ते ११ एवढीच. काही टॅब, विशेषतः सिमकार्ड नसलेले, कारखान्यातून निघताना ज्या देशासाठी बनवले त्या देशाचेच नियम पाळत राहतात. न्यू जर्सीच्या दुकानातून आलेला हा टॅब चॅनेल १२ आणि १३ कडे पाहतच नव्हता. आमचा राउटर चॅनेल आपोआप निवडण्यावर ठेवलेला होता. वीज जाऊन आली की तो नव्याने सुरू व्हायचा, आसपास पाहून एखादे रिकामे चॅनेल धरायचा आणि कधी ते १३ असायचे. परदेशातल्या मुलांनी आई-वडिलांना आणून दिलेले टॅब कोकणात घरोघरी आहेत, आणि वीज जाणेही घरोघरी आहे. म्हणून हे मुद्दाम लिहिते.

राउटरच्या पानावर, आमच्याकडे १९२.१६८.१.१ हा पत्ता ब्राउझरमध्ये टाइप केल्यावर ते उघडते, मी चॅनेल ६ वर पक्के केले. १, ६ आणि ११ ही तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांतलेच निवडावे. पुण्यात माझ्या फ्लॅटमध्ये पंचवीसच्या वर नेटवर्क दिसतात आणि तिथे कोणते चॅनेल मोकळे आहे ते खरोखर पाहावे लागते. गावात आमच्याखेरीज दोनच होती. चॅनेलची रुंदीही ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. वेग थोडा कमी होतो, पण लांबवर जोडणी टिकते आणि नानांना वेगापेक्षा टिकणे हवे आहे.

याच पानावर तिसरी गोष्ट दिसली. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत होता आणि उपकरणाने आपले आपण निवडावे अशी व्यवस्था होती. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो आणि गर्दीच्या शहरी इमारतीत उपयोगीही पडतो, पण जाड भिंतीपुढे तो लवकर थकतो. मोकळ्या हवेतसुद्धा तितक्याच अंतरावर त्याची पातळी सहा-सात डेसिबलनी कमी भरते आणि भिंतीत आणखी जाते. माझ्या फोनवर पडवीत त्याचा आकडा उणे ८६ होता. टॅब माजघरात चार्जिंगला असताना ५ गिगाहर्ट्झला जोडला जाई आणि नाना तो उचलून पडवीत नेत तेव्हा ती कमकुवत जोडणी सोडायला तयार नसे. पहिली पाच मिनिटे नेहमी खराब जात ती यामुळेच. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली आणि टॅबला ५ गिगाहर्ट्झचे नाव विसरायला लावले.

शेवटी राउटरची जागा. बसवणाऱ्याने तो माजघराच्या कोपऱ्यात वीज मीटरखाली, लोखंडी कपाटाला लागून ठेवला होता, कारण लाइन तिथून आत येते. कपाटाची लोखंडी पाठ पडवीच्या दिशेने होती. फायबरची तार नाजूक असते, ती आपण ओढू नये. पण तिला थोडा फेर शिल्लक होता, तेवढ्या आधारावर राउटर तुळईखालच्या फळीवर, दाराच्या रेषेत आणला. दार लाकडी आहे आणि दिवसभर उघडे असते, तेव्हा लहरींना एक भिंत तरी चुकते. राउटरचे अँटेना उभे ठेवले. उभ्या अँटेनाची लहर आजूबाजूला पसरते, वर-खाली कमी जाते. आमचे घर एकमजली आणि लांबट असल्याने तेच हवे होते. दुमजली घरात एक अँटेना आडवा करून पाहावा. या हलवण्याने पाच डेसिबल मिळाले. पडवीत उणे ६१.

रिपीटरबद्दलही सांगते, कारण तो कपाटात पडून आहे आणि बहिणीला त्याचे वाईट वाटते. त्याचा लाल दिवा बरोबरच सांगत होता. रिपीटर स्वतः रेंज निर्माण करत नाही. त्याला जी मिळते तीच तो पुढे देतो. तो जिथे रेंज संपते तिथे लावून उपयोग नसतो, रेंज अजून चांगली असते अशा मधल्या जागी, आमच्याकडे ओटीवर, लावावा लागतो. शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यात ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येतो. खळ्यात किंवा मागच्या मांगरात नेट हवे असेल तर मी लॅनची तार टाकून तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे त्याच नेटचे वायफाय तिथून देण्यासाठी, लावीन; ती तार शंभर मीटरपर्यंत चालते आणि चिऱ्याच्या भिंतीला भोक एकच पडते.

एक गोष्ट मला पूर्वी नीट उमगली नव्हती. वायफाय म्हणजे दोघांचे बोलणे आहे. राउटर विजेवर चालतो, तो मोठ्याने बोलू शकतो. टॅबला बॅटरी राखायची असते, म्हणून तो हळू बोलतो. त्यामुळे टॅबच्या पडद्यावर दोन-तीन काड्या दिसत असताना, म्हणजे राउटरचे त्याला ऐकू येत असताना, त्याचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचत नसते, असे होऊ शकते. नानांचे चित्र तिकडे गोठायचे आणि त्यांना इकडे नातू मात्र हलताना दिसायचा, याचे कारण हे असावे. अँटेनाची तार सैल असली की हे नुकसान दोन्ही दिशांनी होते, ऐकण्यातही आणि बोलण्यातही, आणि म्हणूनच ते बटण नीट बसल्यावर जो फरक पडला तो नुसत्या आकड्यात मावत नव्हता. त्या शनिवारी नाना नातवाशी ४० मिनिटे बोलले. त्याने शाळेत केलेला ज्वालामुखी कॅमेऱ्यापुढे धरला आणि नानांनी त्याला जांभा खडक कसा तयार होतो ते सांगितले.

मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी पावसाला सुरुवात झाली. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहर जास्त खाते; म्हणून पावसाळ्यातले आकडे वेगळे येणार हे उघड होते. वही नानांकडेच ठेवून आले आणि ते मनापासून नोंद ठेवत आहेत: तारीख, वेळ, जागा, पाऊस आहे की नाही, तीन आकडे आणि त्यांतला मधला. दर रविवारी त्या पानाचा फोटो मला येतो. कालच्या पानावरची शेवटची ओळ अशी होती: पडवी, सकाळी ७, पाऊस धो धो, उणे ६५, बोलणे स्वच्छ.